सहाव्या कोड्यावर अडलेली माणसं

चौकोनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत अठरा वर्षं ते अंकांची कोडी द्यायचे, आणि दर गुरुवारी चौकटी आखलेला कागद घेऊन ते छापखान्यात शिरले की तिथला खिळे जुळवणारा जुना जुळारी "आले चौकोनराव" म्हणून बाजूला सरायचा. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्यांच्या ताईनेही ते उचललं, पण ती फक्त रागावली की वापरायची.

दोघं बहीणभाऊ तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. चौकोनरावांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, एकच उत्तर असलेलं स्थळ सापडलं नाही. ताई त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर दोन ट्रंका घेऊन भावाकडे आली ती कायमची. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिची सगळी नोकरी झाली होती. गावातले हजारभर नंबर तिला तोंडपाठ असायचे. निवृत्तीनंतरही रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की तिला आधी त्याचा नंबर आठवायचा, मग नाव.

कोडी बनवायचे चौकोनराव, पण पास करायची ती ताई. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. दुपारी जेवणं झाली की चौकोनराव दीड तास आडवे व्हायचे आणि ताई आतल्या खोलीतल्या टेबलाशी नवं कोडं घेऊन बसायची. सोडवून झालं की कागदाच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहायची: बरोबर असल्याची खूण, किती मिनिटं लागली तो आकडा, आणि त्रास किती झाला त्याच्या चांदण्या. एक चांदणी म्हणजे सोपं, पाच म्हणजे डोकं उठलं. आणि एखाद्या जागी तर्क संपून नुसता अंदाज बांधायची वेळ आली, की त्या चौकटीभोवती ती जाड गोल करायची. गोल आला की कोडं केराच्या टोपलीत. त्यावर अपील नव्हतं. "तुझा वाचक काय ज्योतिषी आहे का, चौकोनराव?" एवढं म्हणून ती कागद परत करायची.

मग एका वर्षी पुरवणी बंद झाली. वाचकांचे आभार मानणाऱ्या दोन ओळी छापल्या, त्यांत कोड्यांचा उल्लेखही नव्हता. चौकोनराव तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. वर्षभर ते घरात नुसते फिरत राहिले. वाणसामानाच्या यादीलाही चौकट आखायचे.

'खिडकी' सुचली ती वीजबिलाच्या रांगेत. काचेच्या खिडकीपाशी उभं असताना त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर चार आकडा होता आणि काचेपलीकडच्या कारकुनाच्या पुढ्यातल्या पाटीवरही चार. एवढंच. पण त्यांना तिथल्या तिथे घाम फुटला. बिल न भरताच घरी आले आणि कागद ओढला.

खेळ सांगायला सोपा होता. मोठ्या चौकोनात लहानमोठी घरं आखलेली. कुणी एका चौकटीचं, कुणी तीन, कुणी पाच. तीन चौकटींच्या घरात एक, दोन, तीन हे अंक एकेकदा बसवायचे. पाचच्या घरात एक ते पाच. दोन घरांमधल्या भिंतीत कुठे कुठे खिडकी. खिडकी असेल तिथे दोन्ही बाजूंना एकच अंक हवा, आणि नुसती भिंत असेल तिथे वेगवेगळे. बस. सुरुवातीला एकही अंक दिलेला नाही. कोरा चौकोन, घरं आणि खिडक्या. तेवढ्यावरून सगळं उलगडत जायचं.

पहिलं कोडं ताईने सोडवलं तेव्हा चौकोनराव त्या दुपारी झोपलेच नाहीत. पलंगावर पडून आतल्या खोलीतल्या पेन्सिलीचा आवाज ऐकत राहिले. तासाभराने ती बाहेर आली. कागदावर खाडाखोडीचं रान माजलेलं. चौकटींच्या कोपऱ्यांत बारीक बारीक अंक, रबराने काळे पडलेले डाग. तीन चांदण्या, बावन्न मिनिटं, गोल नाही.

"हे आधी कुणी केलेलं नाही ना?" तिने विचारलं.

"माझ्या माहितीत तरी नाही."

"मग कर. हे चांगलंय."

अठरा वर्षांत तिने 'चांगलंय' हा शब्द वापरल्याचं चौकोनरावांना आठवत नव्हतं.

फोनवरचे खेळ बनवणारी एक छोटी कंपनी होती. फरशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली, सात टेबलं, आणि दिवसभर खालून फरशी कापण्याचा किर्र आवाज. तिथली प्रोग्रामर शाळेत असताना आईबरोबर चौकोनरावांची कोडी सोडवायची. 'खिडकी'चा नमुना जोडून त्यांनी कंपनीला लिहिलेलं पत्र तिच्याच हाती पडलं आणि तिने ते मालकासमोर लावून धरलं. मालक वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कुठल्याही गोष्टीचा तिसऱ्या मिनिटाला कंटाळा यायचा. 'खिडकी' मात्र त्याने पंधरा मिनिटं हातातून सोडली नाही. ठरलं. चौकोनरावांनी हाताने शंभर कोडी बनवायची आणि त्यांच्यावर खेळ बाजारात आणायचा. नंतर पुढची मशीनने बनवता येतील का ते बघू.

प्रोग्रामरने एक तपासनीस लिहिला. कोडं त्यात घातलं की त्याला एकच उत्तर आहे की जास्त, ते क्षणात कळायचं. चौकोनरावांना वाटलं, संपलं काम. पण तिने मान हलवली.

"काका, माझा प्रोग्राम लाख शक्यता घालून बघतो. त्याला कंटाळा येत नाही, चिडचिड होत नाही. माणूस कुठे अडेल ते तो सांगू शकत नाही. ते मला माणसाकडूनच हवं. आणि एका नाही, तीन-चार जणांकडून."

"ताई आहे ना," चौकोनराव म्हणाले.

प्रोग्रामरने दोनदा सुचवून पाहिलं. तिच्या मैत्रिणी आहेत, कंपनीतली दोघं आहेत. चौकोनरावांनी दोन्ही वेळा हसून टाळलं. अठरा वर्षं जे तंतोतंत चाललं त्यात आणखी चार डोकी कशाला? मनातलं खरं कारण वेगळं होतं. दुसऱ्या कुणी त्यांच्या कच्च्या कोड्यांवर नाक मुरडलेलं त्यांना सोसलं नसतं. ताईचं चालायचं. तिला नाक मुरडायचा हक्क होता.

काम सुरू झालं. आठवड्याला पाच-सहा कोडी. सुरुवातीला ताईने सपाटा लावला, बावीसपैकी नऊ कोड्यांना गोल ठोकले. चौकोनराव कुरकुरत ती पुन्हा बांधायचे आणि ती पुन्हा तपासायची. पाचव्या आठवड्यात एका सकाळी ताई न्हाणीघरात खाली बसलेली सापडली. गरगरल्यासारखं झालं म्हणाली, उजवा हात थोडा बधिर झालाय. डॉक्टरकडे जाऊ या का, असं चौकोनरावांनी विचारलं. ती म्हणाली, पित्त असेल. त्यांच्या डोक्यात तेविसाव्या कोड्याचा एक कोपरा घोळत होता. पित्तच असेल असं त्यांनाही वाटलं, कारण तसं वाटणं सोयीचं होतं. तीन-चार दिवस ताईने कोडी घेतली नाहीत. मग पुन्हा घ्यायला लागली.

आणि त्यानंतर सगळं मार्गी लागलं. गोल यायचे थांबले. कागद इतके स्वच्छ यायला लागले की बघत राहावं: खाडाखोड नाही, कोपऱ्यातले बारीक अंक नाहीत. सात मिनिटं, एक चांदणी. नऊ मिनिटं, दोन चांदण्या. चौकोनराव हरखून गेले. आपल्याला अखेर हात बसला, असं त्यांनी मनाशी धरलं. ज्या कलेची गुरुकिल्ली आयुष्यभर शोधली ती साठीला टेकताना सापडली. तेविसाव्या कागदावर त्यांनी लाल शाईने 'उत्तम!' असं लिहिलं आणि ते स्वतःलाच लिहिलं होतं.

घरात त्या महिन्यांत बारीकसारीक बरंच घडत होतं. ताई घड्याळाखाली उभी राहून किती वाजले विचारायची. चौकोनराव मान वर न करता सांगायचे. ती एकदा भलत्याच बसमध्ये बसून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि चार तासांनी परत आली; लक्ष नव्हतं म्हणाली. फोन लावायचा झाला तर "तूच लाव, माझे हात पिठाचे आहेत," म्हणायची. एक्सचेंजमधली तिची एक जुनी मैत्रीण एकदा घरी येऊन चौकोनरावांना बाजूला घेऊन म्हणाली, ताईला माझा नंबर आठवला नाही, पहिल्यांदाच. चौकोनरावांनी वय झालं म्हणून हसण्यावारी नेलं. मग टेबलाशी जाऊन एकसष्टावं कोडं पुढे ओढलं.

शंभर पुरी झाली. सोपी आधी, अवघड नंतर अशी ताईच्या चांदण्यांवरून त्यांची क्रमवारी लावली. कागदांवरच्या वेळा प्रोग्रामरने संगणकात भरल्या. मालक म्हणाला की पहिली दहा कोडी सगळ्यांत महत्त्वाची, माणूस तिथेच एकतर गळाला लागतो नाहीतर सुटतो. पहिली दहा म्हणून एक चांदणीवाली निवडली.

खेळ बाजारात आला तो एका मंगळवारी, सकाळी दहाला. चौकोनराव इस्त्रीचा सदरा घालून कंपनीत जाऊन बसले. भिंतीवरच्या पडद्यावर एक आकडा वाढत होता. जेवणापर्यंत तीन हजार माणसांनी खेळ घेतला होता, संध्याकाळपर्यंत अकरा हजारांनी. मालकाने सगळ्यांना खाली नेऊन कॉफी पाजली. चौकोनरावांनी घरी फोन केला आणि ताईला आकडा सांगितला. तिने आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, "म्हणजे खूप ना?"

"ताई, अकरा हजार."

"हो, हो. छान झालं."

आनंदाने तिला काही सुचत नाहीये असं त्यांना वाटलं.

बुधवारी दुपारी प्रोग्रामरने त्यांना बोलावून घेतलं. तिच्या पडद्यावर शंभर उभ्या पट्ट्या होत्या, एकेका कोड्याची एकेक. ते कोडं किती जणांनी सोडवलं त्याची. पहिल्या पाच पट्ट्या हळूहळू उतरत्या, जशा असायला हव्यात. सहावी पट्टी जवळजवळ जमिनीला लागलेली. त्यापुढे काहीच नव्हतं. सपाट. पहिली पाच सोडवलेल्या शंभर माणसांतली त्र्याण्णव सहाव्यावर येऊन अडली होती आणि तिथूनच निघून गेली होती.

खाली अभिप्राय होते. सहावं कोडं चुकलंय. सहाव्याला उत्तरच नाही. एवढा वेळ फुकट घालवला. बनवणाऱ्याने स्वतः तरी सोडवून पाहिलंय का?

"उत्तर एकच आहे," चौकोनराव म्हणाले. "तुझ्या तपासनिसानेच सांगितलंय."

"आहे. पण तिथवर पोचायला वाट आहे का, काका?"

खेळातलं ते सहावं कोडं म्हणजे बांधताना त्र्याऐंशीवं; तिने त्याचा कोरा कागद पुढे ठेवला. ते कोडं त्यांनी तीन महिन्यांपूर्वी बांधलं होतं आणि आता साफ विसरले होते. तिने पेन्सिल दिली. खालून फरशी कापण्याचा आवाज येत होता. वीस मिनिटांनी चौकोनराव अडले. चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी एका चौकटीत नुसता अंदाजाने दोन लिहिला, पुढे गेले, फसले, खोडून तीन लिहिला. पुन्हा फसले. तासाभराने त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

प्रोग्रामरने फाइलमधून ताईचा त्याच कोड्याचा कागद काढला. सहा मिनिटं. एक चांदणी. एकही डाग नाही.

"काका, हे ताईंनी सोडवलंय?"

चौकोनराव भडकले. आयुष्यात पहिल्यांदा ते परक्या माणसावर ओरडले. माझ्या बहिणीचं डोकं तुमच्या सात टेबलांच्या वर आहे, असं काहीतरी बोलले. मग फाइल उचलून घरी निघाले. वाटेत, रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी फाइल उघडली आणि एकेक कागद बघत गेले. बावीसपर्यंत रान माजलेलं. तेविसापासून पुढे लख्ख. मागून एका गाडीवाल्याने भोंगा वाजवला तरी त्यांना हलावं हे सुचलं नाही.

ताई आतल्या खोलीत चादरीच्या घड्या घालत होती. त्यांनी तिच्यासमोर सहाव्या कोड्याचा कोरा कागद ठेवला आणि सोडव म्हणाले. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चादर बाजूला ठेवून ती खुर्चीवर बसली, पेन्सिल घेतली. कागदावर वाकून तिने तीन चौकटींच्या एका घरात तीन लिहिला. शेजारी पुन्हा तीन लिहिला. थोडा विचार केला आणि तिसऱ्या चौकटीत सात लिहिला. मग पेन्सिल कागदाला आडवी ठेवून दोन्ही हात मांडीत घेतले.

"मला आता अंक कळत नाहीत रे," ती म्हणाली.

चौकोनराव उभेच होते.

"दिसतात. कसे काढायचे तेही येतं. पण पाच म्हणजे किती, ते मनात येतच नाही. आधी येतो का नंतर येतो, मोठा का लहान. नुसतं चित्र दिसतं."

"कधीपासून?"

"न्हाणीघरात पडले ना, त्या दिवसापासून. वाटलं, जाईल दोन दिवसांत."

"आणि हे कागद?"

तिने टेबलाच्या खणाकडे बोट केलं. त्या खणात चौकोनरावांची उत्तरांची वही असायची. ते दुपारी झोपले की ती वही काढून ती एकेक अंक नक्षी काढावी तसा उतरवून घ्यायची. एका कोड्याला पुरा दीड तास जायचा. ते उठायच्या आत संपेल की नाही या धास्तीने हाताला घाम यायचा. मिनिटं आणि चांदण्या तिने पुरवणीतल्या छोट्या कोड्यांच्या जुन्या कागदांवरून उचलल्या होत्या, हाताला लागेल त्या कागदावरून.

"मला सांगायचं होतंस," चौकोनराव म्हणाले.

"पहिला कागद तसा दिला तेव्हा सांगणारच होते. तू तो हातात घेऊन नाचलास. वर्षभर घरात मेल्यासारखा फिरत होतास तू. मला वाटलं, हा एक जाऊ दे, उद्या सांगू." ती थांबली. "आणि मग काय सांगणार होते? मला तेवढं एकच तर येत होतं."

दुसऱ्या दिवशी ते तिला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. मेंदूचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलणारा. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. अंक जिथे समजतात नेमक्या त्या जागी. बाकी सगळं शाबूत. कधी झालं, असं त्याने विचारलं तेव्हा चौकोनरावांना तारीख सांगता आली, कारण प्रत्येक कागदावर तारीख घालायची त्यांची शिस्त होती. बावीस आणि तेवीस यांच्या मधले चार दिवस.

"तेव्हाच आणलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरने खोटं सांगितलं नाही. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, म्हणाला. आठवड्यात आणलं असतं तरी गोळ्या सुरू झाल्या असत्या, सराव घेता आला असता. आता गोळ्या देऊ. पण इतके दिवस काहीच न घेतल्यामुळे दुसरा झटका येण्याचा धोका आहे, नीट लक्ष ठेवा. हे सगळं ताईसमोर चाललं होतं. ती डॉक्टरच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

कंपनीत चौकोनरावांनी ताईचं काही सांगितलं नाही. कोडी आपणच नीट तपासली नाहीत, आपली चूक, एवढं मालकाला सांगितलं. ते खरंही होतं. प्रोग्रामरने दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. लोक कुठे अडतात त्या आकड्यांवरूनच नवी क्रमवारी लावली, अडतीस कोडी काढून टाकली, चार मैत्रिणींना बसवून उरलेली सोडवून घेतली. त्या मैत्रिणींना 'खिडकी' फार आवडली. पण तोवर बाजारात नाव गेलं होतं. चुकीची कोडी असलेला खेळ, म्हणून लोक त्याला हात लावत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात दिवसाकाठी नवीन माणसं आली नऊ. मालकाने खेळ काढून घेतला. जाताना चौकोनरावांशी हात मिळवून म्हणाला, कल्पना छान होती. आणि वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं.

घरी चौकोनरावांनी शिकवणी मांडली. शर्टाची बटणं घेऊन ते ताईसमोर बसायचे. एक बटण, दोन बटणं. ताई मन लावून करायची. आठवड्यानंतर तिने पाच बटणं बरोबर मोजली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांच्या लक्षात आलं की बटणं मोजताना ती बटणांकडे बघतच नाही. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत एकेक बटण सरकवत होती, आणि त्यांच्या भुवया जिथे वर गेल्या तिथे थांबली होती. त्यांनी बटणं गोळा केली. ताईने विचारलं, चुकलं का? ते म्हणाले, नाही, आज पुरे.

दुसरा झटका पाचव्या आठवड्यात आला. गोळ्या चालू होत्या, चौकोनराव रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसलेले होते, तरीही आला. सकाळी चहाचा कप उचलता उचलता. या वेळी वीस मिनिटांत रुग्णालयात पोचवलं. जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली.

तीन महिन्यांनी एका दुपारी प्रोग्रामर घरी आली. तिने ती कंपनी सोडली होती. दारातच तिला औषधांचा आणि फिनेलचा वास आला असावा, कारण आत येताना तिने चपला फार हळू काढल्या. आतल्या खोलीत ताई पलंगावर होती, डोळे छताकडे. प्रोग्रामरने वाकून नमस्कार केला. ताईने ओळखलं की नाही ते कळलं नाही.

बाहेरच्या खोलीत तिने पर्समधून दोन कागद काढले. खेळ बंद झाल्यावरही ज्यांच्या फोनमध्ये तो राहिला होता अशी दोनशेबारा माणसं होती. सुधारलेली कोडी सगळी सोडवून त्यांनी आपापसात एक गट केला होता आणि तिचा पत्ता शोधून पत्र पाठवलं होतं. असं काही आधी खेळलो नव्हतो, असं लिहिलं होतं. आणखी आहेत का, असं विचारलं होतं.

चौकोनरावांनी पत्र दोनदा वाचलं. मग तिला सगळं सांगितलं. न्हाणीघर, वही, नक्षीसारखे उतरवलेले अंक. सांगताना ते एकसारखे स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवत होते.

तिने पत्राचे कागद घडी करून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "काका, त्या वेळा मीच भरत होते ना संगणकात. शंभर कोडी, आणि तेविसानंतर एकालाही दहा मिनिटांच्या वर वेळ नाही. मला दिसलं होतं ते. मला वाटलं, बरं झालं, काम लवकर संपेल."

"तू माझ्या घरात राहत नव्हतीस," चौकोनराव म्हणाले.

तिने पुन्हा पत्राचा विषय काढला. कंपनी नको, पैसे नकोत. दोनशेबारा माणसांसाठी महिन्याला एखादं. तपासायला ती आहे, तिच्या मैत्रिणी आहेत. चौकोनरावांनी सांगितलं की त्यांनी एकदा करून पाहिलं होतं. मागच्या महिन्यात, ताईला झोप लागल्यावर. घरं आखली, खिडक्या पाडल्या, कोडं पुरं झालं. उत्तर एकच होतं. मग त्या कागदाकडे बघत बसले. सोपं आहे का अवघड, चांगलं आहे का वाईट, त्यांना काहीही सांगता येईना. आधीही कधी येत नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं. कागद फाडून टाकला.

"होईल हळूहळू," ती म्हणाली.

"नाही होणार," चौकोनराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तिने कागद परत पर्समध्ये ठेवले.

चार वाजले होते. दर दोन तासांनी ताईची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. प्रोग्रामर मदतीला उठली, पण चौकोनरावांनी नको म्हटलं; एकट्याने करायची सवय झालीय. ते आत गेले. एक हात ताईच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्यांनी तिला भिंतीकडे वळवलं, पाठीशी उशी लावली, चादर सारखी केली. ताईच्या घशातून एक आवाज आला. काय हवंय म्हणून ते वाकले, थांबले. पाणी का? त्यांनी विचारलं. दिवा बंद करू? दुखतंय का कुठे? आवाज पुन्हा आला, तसाच. काही कळेना. प्रोग्रामर दाराशी उभी होती. थोड्या वेळाने तिने चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.